घरचं भांडण चव्हाट्यावर

17 मे 2004, वॉशिंग्टन. कॉन्स्टिट्यूशन हॉल गच्च भरलाय, सगळे सुटाबुटात, आणि निमित्तही तसंच मोठं आहे, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या निकालाला 50 वर्षं झालीत. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेला धरून नाही असं सुप्रीम कोर्टाने 1954 मध्ये सांगितलं तो हाच दिवस. हॉललाही इतिहास आहे. 1939 साली मारियन अँडरसन ही गायिका ब्लॅक आहे म्हणून तिला याच हॉलने दार बंद केलं होतं, मग ती लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायली, समोर 75 हजार लोक.

तर अशा जागी माईकवर येतो बिल कॉस्बी. 80 च्या दशकात टीव्हीवर डॉक्टर बापाची भूमिका करून अख्ख्या अमेरिकेचा लाडका झालेला माणूस, सत्कारासाठी बोलावलेला. आणि तो सुरू होतो गरीब ब्लॅक आईबापांवर. पोरांना 500 डॉलरचे बूट घेऊन देतात पण वाचायला शिकायचं साहित्य घेत नाहीत, पोरांना धड इंग्लिश बोलता येत नाही, नावं कसली कसली ठेवतात, बाप कुठे असतो कुणाला माहीत नाही. एक पोरगा केकचा तुकडा चोरताना पोलिसांच्या गोळीने मेला की आपण सगळे चिडतो, पण त्याच्या हातात तो केक काय करत होता हे कुणी विचारत नाही, असंही बोलला. हॉलमध्ये लोक हसतायत, टाळ्या वाजतायत, आणि ज्यांनी हा कार्यक्रम भरवला त्यांचे चेहरे मात्र दगडासारखे झालेत. त्याच्यानंतर थिओडोर शॉ उभे राहिले, हेच शाळांचे खटले लढवणाऱ्या लीगल डिफेन्स फंडचे प्रमुख, आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की बाबांनो, आम्ही ज्या प्रश्नांवर लढतोय ते सगळे काही या लोकांनी स्वतःवर ओढवून घेतलेले नाहीत.

त्या रात्रीपासून घराघरात, चर्चमध्ये, केशकर्तनालयात, रेडिओवर भांडणच पेटलं. काही म्हणाले बरं झालं कुणीतरी बोललं, आमच्या आज्या हेच सांगायच्या. काही म्हणाले आपल्या घरातली धुणी बाहेरच्यांसमोर कशाला धुवायची. आणि काहींनी विचारलं, ज्यांच्याबद्दल बोलला त्यातलं कोण होतं त्या हॉलमध्ये? मला हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या अख्ख्या वादाची मेख तिथेच आहे.

कॉस्बीचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे, अनेक बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, 2018 ला तो दोषी ठरला, 2021 ला पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. पण यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. 2015 मध्ये एका न्यायाधीशाने त्याची जुनी सीलबंद साक्ष खुली केली तेव्हा कारण काय दिलं, तर हा माणूस स्वतः जाहीरपणे लोकांना नीतीचे धडे देत आलाय, म्हणून त्याचं वागणं कसं होतं हे जाणून घेण्यात जनतेचा रस रास्त आहे.

पण माणूस खोटा निघाला म्हणून प्रश्न संपत नाही ना. आपल्या लोकांच्या हालाला त्यांचं वागणं किती कारणीभूत आणि परिस्थिती किती, आणि हे कुणी बोलायचं, हा प्रश्न ब्लॅक समाजात शंभर वर्षांच्या वर चाललाय आणि खूप मोठ्या मोठ्या माणसांनी तो प्रामाणिकपणे विचारलाय.

1896 साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे ब्लॅक समाजशास्त्रज्ञ, वय 28, हार्वर्डची डॉक्टरेट नुकती मिळालेली, नवीन लग्न झालेलं, फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात एका खोलीत बिऱ्हाड करून राहिले. शहरातली सगळ्यात बदनाम वस्ती. आणि हा माणूस हातात प्रश्नावली घेऊन स्वतः दारोदार फिरला. घरात किती माणसं, काम काय, भाडं किती, पोरं शाळेत जातात का. अहवाल आला 1899 ला. त्यात त्यांनी गुन्हेगारी लपवली नाही, मोडलेले संसार लपवले नाहीत, आणि हेही लिहिलं की हातात कसब असलेल्या ब्लॅक कारागिराला काम मिळत नाही कारण गोरे कामगार त्याच्या शेजारी उभं राहायला तयार नाहीत. शेवटच्या प्रकरणात काळ्यांचं कर्तव्य काय आणि गोऱ्यांचं कर्तव्य काय, दोन्ही लागोपाठ, एकाच प्रकरणात. नंतरच्या बऱ्याच लोकांनी त्यातलं एकच पान फाडून घेतलं, कुणी पहिलं, कुणी दुसरं.

1965 ला तेच झालं. लेबर डिपार्टमेंटमधले डॅनियल मॉयनिहन, गोरे, त्यांनी ब्लॅक कुटुंबावर एक सरकारी अहवाल लिहिला. तेव्हा ब्लॅक मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश मुलं लग्नाबाहेर जन्मत होती, आणि मॉयनिहन म्हणत होते की गुलामगिरीने आणि बेकारीने हे कुटुंब मोडलंय, सरकारने काहीतरी करा. यातलं बरंचसं फ्रँकलिन फ्रेझर या ब्लॅक समाजशास्त्रज्ञाने 1939 लाच लिहून ठेवलं होतं. पण सरकारी अहवाल पेपरात फुटला, ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत दंगल झाली, आणि लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं की काळ्यांची कुटुंबं बिघडलेली आहेत. नागरी हक्क चळवळीतले जेम्स फार्मर भडकले, आणि का भडकू नयेत, ज्यांना शतकानुशतकं लुटलं त्यांनाच आता तुमच्यात खोट आहे म्हणून सांगायचं. तोच निष्कर्ष घरातला अभ्यासक काढतो तेव्हा वेगळा आणि सरकारी शिक्का मारून येतो तेव्हा वेगळा, हे समजायला फार हुशारी लागत नाही. बरं, आज गोऱ्या अमेरिकेतलं हेच प्रमाण त्या एक चतुर्थांशाच्या पुढे गेलंय, आणि त्यावर गोऱ्यांच्या संस्कृतीला रोग झालाय असं फारसं कुणी म्हणताना दिसत नाही.

आता शिकागोला चला. वेस्ट साइडला नॉर्थ लॉनडेल. एकेकाळी या भागात इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना, 14 हजार कामगार, शेजारी वेस्टर्न इलेक्ट्रिकचा टेलिफोनची यंत्रं बनवणारा हॉथॉर्न प्लांट, 43 हजारांच्या वर, शिवाय सीअर्स कंपनीचं मुख्य ऑफिस. हार्वेस्टर 60 च्या दशकाच्या शेवटी गेलं, सीअर्सने 1973 ला बाडबिस्तरा हलवला, हॉथॉर्न 1984 ला संपलं. कारखाना गेला की त्याच्यामागे बँक जाते, किराणा दुकान जातं, नोकरी असलेली कुटुंबं जातात, आणि उरतात ती ज्यांना जाता येत नाही. विल्यम ज्युलियस विल्सन हे समाजशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत आले की सकाळी उठून कामाला जाणारा माणूस ज्या गल्लीत पोराला दिसतच नाही तिथे वागण्याच्या सवयी बदलतात, आणि त्या सवयी खऱ्या आहेत, पण त्या आकाशातून पडलेल्या नाहीत. गिरणगाव ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आलं क्रॅक, म्हणजे कोकेनचाच ओढायचा स्वस्त प्रकार. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅकला पाच वर्षं सक्तीची जेल, आणि तेवढीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन लागायचं 500 ग्रॅम. क्रॅक गरीब वस्तीत, पावडर श्रीमंतांच्या पार्टीत. हा शंभराला एकचा फरक 2010 पर्यंत तसाच होता. पण इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. वॉशिंग्टनसारख्या शहरात तेव्हा मेयर ब्लॅक, पोलीस प्रमुख ब्लॅक, कितीतरी न्यायाधीश ब्लॅक, 1991 ला त्या एका शहरात साडेचारशेच्या वर खून झाले, आणि कडक कायदे करा, पोलीस वाढवा अशी मागणी त्याच वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या बायका आणि पास्टर करत होते. का करणार नाहीत, गोळ्या त्यांच्याच खिडकीतून आत येत होत्या. त्यांनी पोलीस मागितले तशा नोकऱ्याही मागितल्या, शाळाही मागितल्या, व्यसनमुक्तीची सेंटर मागितली, आणि पदरात पडली मुख्यतः जेल.

लुझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात तर 2007 मध्ये कंबरेखाली घसरलेल्या पँटवर बंदी घालणारा नियम झाला. पोरांना शिस्त लागेल, लोक नावं ठेवणार नाहीत, असा विचार. फेब्रुवारी 2019 मध्ये पोलिसांनी एका 31 वर्षांच्या ब्लॅक माणसाला याच कारणावरून हटकलं, तो पळाला, पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या, तो मेला. जीव घेणारी गोळी त्याची स्वतःची होती असं शवविच्छेदनात आलं, पण सुरुवात कशावरून झाली, तर पँटवरून. जूनमध्ये तो नियम रद्द केला. वडीलधाऱ्यांनी नीट कपडे घाल म्हणून रागावणं आणि हातात पिस्तूल असलेल्या माणसाने तेच सांगणं यात किती फरक पडतो ते इथे दिसलं.

बापांचा विषय घ्या. 2008 च्या फादर्स डेला बराक ओबामा शिकागोच्या एका मोठ्या ब्लॅक चर्चमध्ये बोलले की आपल्यातले फार बाप घर सोडून गेलेत. ज्याचा स्वतःचा बाप लहानपणीच निघून गेला त्याच्या तोंडून ते मनापासून आलं असणार. पुढच्याच महिन्यात नागरी हक्क चळवळीतले जुने नेते जेसी जॅक्सन टीव्ही स्टुडिओत माईक चालू आहे हे माहीत नसताना ओबामांबद्दल पुटपुटले की हा आपल्या लोकांशी वरून बोलतो, आणि नंतर माफी मागितली. गंमत नाही, हेच जॅक्सन 70 च्या दशकात शाळाशाळांत फिरून पोरांना टीव्ही बंद करा, अभ्यासाला बसा म्हणून सांगत होते. म्हणजे भांडण जबाबदारीवर नव्हतंच, दोघांनाही ती मान्य होती. आणि 2013 ला सरकारी आरोग्य आकडेवारीतून आलेलं हेही ऐका, पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या ब्लॅक बापांपैकी 70 टक्के रोज मुलांची अंघोळ, डायपर, कपडे हे सगळं करतात, गोऱ्या बापांत हे 60 टक्के. लग्नाबाहेर जन्मणाऱ्या ब्लॅक मुलांचा आकडाही त्या काळात 70 टक्क्यांच्या आसपासच आहे, पण पहिला 70 कुणाला पाठ नाही, दुसरा सगळ्यांना आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. आणि 1927 ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, डिसेंबरात बायकांना सांगितलं लुगडं नीट नेसा, अंगावरचे ते जड दागिने काढा, आणि त्याच महाडात चवदार तळ्याचं पाणी हक्काने घेतलं, मनुस्मृती जाळली. बाबासाहेब त्या बायकांच्याच समाजातले होते, त्यांच्यासाठी मार खायला तयार होते, म्हणून ते बोलणं त्यांना लागलं पण टोचलं नाही.

असे आपल्यातलेच होऊन बोलणारे अमेरिकेतही होते. बॉस्टनमध्ये 1990 ला 152 खून झाले होते. मे 1992 मध्ये शहरातल्या मॅटापॅन भागातल्या एका चर्चमध्ये अंत्यविधीची प्रार्थना चालू असताना गँगची पोरं आत घुसली आणि सगळ्यांसमोर एकाला भोसकलं. त्यानंतर काही ब्लॅक पास्टर, यूजीन रिव्हर्स, जेफ्री ब्राउन, रे हॅमंड, रात्री रस्त्यावर उतरायला लागले, पोरांशी बोलायला, आधी नुसतं ऐकायला. पोलिसांशी भांडलेही आणि नंतर त्यांच्यासोबत कामही केलं, पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून शहराच्या मागे लागले. 1999 ला खून 31. सगळं श्रेय पास्टरांचं नाही, देशभरच गुन्हे कमी होत होते, पण ते रस्त्यावर होते हे नक्की.

आणि शिकागोच्या एंगलवूडमध्ये 75 वा रस्ता आणि स्टीवर्टचा कोपरा. 2015 ला तिथे एका बाईचा खून झाला, बदल्याचा गोळीबार होणार हे सगळ्यांना दिसत होतं, तेव्हा तामार मनसेह ही आई फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन तिथे जाऊन बसली. सोबत अजून आया. शेगडी पेटवली, हॉटडॉग भाजले, येणाऱ्या जाणाऱ्या पोराला आधी जेवलास का विचारलं, मग घरी जा म्हणून दटावलं. ब्लॅक लोक आपसातल्या खुनांवर काहीच करत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हा कोपरा बघायला पाठवावा असं मला फार वाटतं. जुलै 2019 मध्ये त्याच कोपऱ्यावर त्यांच्यातल्याच दोन तरुण आया गोळीबारात गेल्या. तरी खुर्च्या उचलल्या नाहीत, आणि या बायका शहराकडे जे मागत होत्या, शाळा, पोरांना संध्याकाळी जायला जागा, मोठ्या मुलांना काम, ते मागणंही थांबवलं नाही.