लावलेलं आणि लागलेलं

नमस्कार श्रोतेहो.

टीव्हीखालच्या कपाटात ‘रामायण’ मालिकेचा डीव्हीडी संच आहे. पुठ्ठ्याची पेटी, कोपरे झिजलेले, आत तबकड्या ओळीने. आणि तेच ‘रामायण’ दूरदर्शनवर लागलं की घरातली माणसं ताटं घेऊन टीव्हीसमोर बसतात. मधल्या जाहिरातीसुद्धा निमूट बघतात. कुणीतरी म्हणतं, अहो, हे आपल्याकडे आहे की! त्यावर ठरलेलं उत्तर येतं: असू दे, आता लागलंय ना.

‘लागलंय’ हा शब्द धरून ठेवा. डीव्हीडी लावावी लागते. टीव्हीवर भाग लागतो. भूक लागते, झोप लागते, उचकी लागते, तसाच भाग लागतो. करणारा कुणी नसतो, त्यामुळे जबाबदारीही कुणावर नसते. लावायचं म्हटलं की मात्र कामं निघतात. पेटी काढा, चौथी तबकडी की पाचवी यावर खल करा, प्लेअरची पिवळी-लाल-पांढरी वायर शोधा, टीव्हीचा सोर्स बदला. एवढं झालं की प्रश्न उभा राहतो, भाग कुठला? एकाला केवट हवा, दुसऱ्याला लंकादहन. पंधरा मिनिटं यातच जातात आणि शेवटी बातम्या लागतात. बघा, तिथेही ‘लागतात’च.

याचा सगळ्यात मोठा दाखला २०२०च्या मार्चमधला. २५ मार्चपासून देश बंद झाला होता. २७ तारखेला तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं, लोकांच्या मागणीवरून उद्यापासून रामानंद सागरांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवणार. उद्यापासून! २८ मार्चला, शनिवारी सकाळी ९ वाजता डीडी नॅशनलवर पहिला भाग लागला, दुसरा रात्री ९ वाजता. डीडी भारतीवर दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ वाजता बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’. म्हणजे नऊ, बारा, सात, नऊ. पंचांगात चार मुहूर्त असावेत, तसा घराचा दिवस या चार वेळांवर टांगला गेला.

मूळ ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, दर रविवारी सकाळी साडेनऊला यायचं. तेव्हा लोक टीव्हीला हार घालायचे, रस्ते ओस पडायचे, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते मी सांगत बसत नाही. मला सांगायचाय तो हिशेब. मूळ भाग ७८. तेव्हा त्यांना दीड वर्ष लागलं. २०२० मध्ये तेच ७८ भाग २८ मार्च ते १८ एप्रिल, म्हणजे २२ दिवसांत संपले. दिवसाला दोन वेळा म्हणजे ४४ वेळा. ७८ भाग आणि ४४ बैठका. एका बैठकीत जवळपास पावणेदोन भाग. म्हणजे १९८७ साली रविवारी जिथे भाग थांबायचा आणि आठवडाभर जीव टांगणीला लागायचा, तिथे २०२० मध्ये गोष्ट तशीच पुढे जात होती, आणि भलत्याच जागी थांबत होती. ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांना हा सांधा चटकन कळतो. पुन्हा सांगतो, ७८ भाग, ४४ बैठका.

पहिल्या शनिवार-रविवारच्या चार बैठकांना मिळून बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीत १७ कोटी प्रेक्षक निघाले. १६ एप्रिलच्या रात्री एका प्रक्षेपणाला ७ कोटी ७० लाख. दूरदर्शनने हा जागतिक विक्रम म्हणून जाहीर केला. त्यावर अमेरिकेतल्या ‘मॅश’ मालिकेच्या २८ फेब्रुवारी १९८३च्या शेवटच्या भागाचं उदाहरण लोकांनी पुढे केलं, तो आकडा साधारण १० कोटी ६० लाख. वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की ही मालिका तेव्हा बाजारात तबकड्यांवर होती आणि इंटरनेटवरही होती. तरी माणसं नऊ वाजायची वाट बघत होती.

आता या गोष्टीतला माझा आवडता तुकडा. मालिका सुरू झाल्यावर ट्विटरवर एक चित्र फिरायला लागलं. पडद्यावर ‘रामायण’, आणि चित्रावर ‘मोझर बेअर’ची खूण. झालं! दूरदर्शन बाजारातली डीव्हीडी लावून दाखवतंय, असा बोभाटा झाला. विनोदांना ऊत आला. लोकांना ते खरं वाटलं त्याला कारण होतं. मोझर बेअर या कंपनीने २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. तोवर शंभर-दोनशे रुपयांना मिळणारी वस्तू एकदम वडापावच्या हिशेबात आली. म्हणून त्यांची खूण घराघरात ओळखीची. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली, आणि दोन वर्षांनी तिची खूण अशी पडद्यावर हजर! शेवटी दूरदर्शन जिच्या हाताखाली येतं त्या प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी शशी शेखर वेंपटी यांनी ट्विटरवरच उत्तर दिलं, की हे चित्र दूरदर्शनचं दिसत नाही, कुठून आलं ते पुन्हा तपासा.

म्हणजे बघा, घरी बसलेला माणूस टीव्हीवर डीव्हीडीची खूण शोधत होता! कपाटातली तबकडी बाहेर काढायची नाही, पण टीव्हीवर तीच लावली असेल तर तक्रार करायची. आणि मी त्या तक्रारीच्या बाजूने आहे. कारण दोन्ही चित्रं एकसारखी नसतात.

फरक कुठे पडतो? तुमच्या डीव्हीडीची पेटी उलटी करा. मागे खाली बारीक अक्षरांत ‘पाल’ किंवा ‘एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. दूरदर्शनची चित्रपद्धत पाल. दृश्य ओळी ५७६, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेची पद्धत एनटीएससी. ओळी ४८०, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांनी डीव्हीडी एनटीएससीत काढल्या, कारण तोच माल अमेरिकेत न्यू जर्सीलाही विकता येतो आणि आपल्याकडचे प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात. पण दूरदर्शनसाठी २५ चित्रांवर घेतलेली मालिका ३०वर बसवायची, तर दर पाच चित्रांतून सहा करावी लागतात. ते सहावं आणायचं कुठून? आजूबाजूच्या दोन चित्रांची भेसळ करून. म्हणून सुटलेला बाण एक हिसका देत जातो, रथाच्या चाकाला सावली चिकटते, आणि ५७६च्या ४८० ओळी झाल्यामुळे सहावा हिस्सा तपशील वाटेतच गळतो. पुन्हा सांगतो, पेटीवर एनटीएससी असेल आणि मालिका दूरदर्शनची असेल, तर हिसका तबकडीतच आहे. प्लेअर बदलून तो जाणार नाही.

दुसरी गोष्ट दाटीवाटीची. साध्या, एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. पस्तीस मिनिटांचे चार भाग भरले तर चित्राच्या वाट्याला सेकंदाला साधारण साडेचार मेगाबिट माहिती येते. चित्र ठीक दिसतं. आठ भाग कोंबले की सव्वादोन. मग अंधारातली दृश्यं, यज्ञाचा धूर, अस्त्रांचा लखलखाट, सगळीकडे चौकोन चौकोन. ‘एका डिस्कमध्ये आठ भाग’ असं अभिमानाने छापलेलं असतं ना, ती कोंबाकोंबी समजा. गच्चीवरच्या डिशवरून, म्हणजे छत्रीवरून येणारं चित्रही दाबलेलंच असतं, तिथे फार उजेड आहे असं नाही. पण वाहिनीकडची मूळ प्रत चांगली असेल तर हिसका नसतो, आणि चेहरे माणसांसारखे दिसतात.

चेहऱ्यांवरून आठवलं. अरुण गोविल, दीपिका चिखलिया ही नावं सगळे घेतात. पण दशरथ आणि कौसल्या म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातलं नवरा-बायकोचं जोडपं. मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. चित्रीकरण उंबरगावला, घोलवड ओलांडलं की लगेच. या मालिकेचा अर्धा राजवाडा आपला होता, आणि आपण मात्र शीर्षकगीत पळवतो! डीव्हीडीवर बोट पहिलं जातं ते पुढच्या बटणावर. शीर्षकगीत पळवणं म्हणजे आरतीला गैरहजर आणि प्रसादाला पहिला. टीव्हीवर ते पळवता येत नाही, म्हणून तर त्याच्या आवाजावर माणसं स्वयंपाकघरातून बाहेर येतात. आजकालच्या मालिकांत गीतच नसतं, एका चेहऱ्यावर तीनदा वीज कडाडते की समजायचं, सुरू झाली. असो.

आता छत्रीचं. जुने ॲनालॉग सहक्षेपक बंद झाले, त्यामुळे गच्चीवरच्या माशाच्या काट्यासारख्या अँटेनावर आता भरवसा नको. दूरदर्शन फुकट बघायचं तर डीडी फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात सुरू झालेली सेवा, महिन्याचा आकार नाही, एकदाच छत्री आणि सेट-टॉप डबा घ्यायचा. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. मुंबईहून छत्रीचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर. नागपूरहून १४५ आणि ६०. छत्री बघायला गेलात तर ती एवढी वर बघताना दिसणार नाही, बरीच उभी वाटेल. तिचा आकारच तसा तिरका कापलेला असतो, बिघाड नाही तो.

पावसाळ्यात ऐन नऊ वाजता चित्राचे तुकडे होतात, याचं कारण या लहरींना जोराचा पाऊस अडवतो. ढगफुटीत काही करता येत नाही. पण रिमझिमीतही चित्र जात असेल तर दोष पावसात नाही, जोडणीत आहे. एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर लहरी पकडणारा डबीसारखा भाग असतो त्याच्या, तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण उन्हाने तडकलंय का बघा, आत पाणी असेल. केबलचा स्क्रूचा जोड हिरवा-काळा पडला असेल तर दोन इंच केबल कापून नवा कनेक्टर लावा, वरून रबर टेप गुंडाळा. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि डब्यात उतरणार नाही. पुन्हा सांगतो: टोपण, कनेक्टर, झोळ. आणि एखादी वाहिनी अचानक गायब झाली तर घाबरू नका. फ्री डिशवर जागांचा लिलाव झाला की वाहिन्या इकडच्या तिकडे होतात. डब्यात ऑटो स्कॅन करा.

तबकड्या टाकून द्या असं मात्र मी म्हणत नाही. वाहिनीची कात्री कुठे चालली हे तपासायला घरात मूळ प्रत हवीच. फक्त त्यांना स्पंजच्या पाकिटात ठेवू नका, कोकणात आणि मुंबईत त्यावर बुरशी धरते. उभ्या ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, दिवाळीला बदला. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल ओरखडा लेझरच्या वाटेवरच लांबपर्यंत पडतो, आडवा ओरखडा तो उडी मारून पार करतो. टूथपेस्टचा उपाय करू नका, तो दातांसाठीच ठेवा. व्हीसीडी असेल तर छापील बाजू जास्त जपा, माहिती त्या शाईच्या लगेच खाली असते. डीव्हीडीची माहिती दोन चकत्यांच्या मधे असते, तिला वाकवू नका. आणि प्लेअर व्हीसीडी वाचतो पण डीव्हीडीला ‘नो डिस्क’ म्हणतो, असं झालं तर तबकडीला दोष देऊ नका. दोघांचे लेझर वेगवेगळे असतात. आधी भिंग साफ करून बघा.

शेवटचं, आणि हे टीव्ही नि डीव्हीडी दोघांनाही लागू. या मालिका ४:३ मापाच्या आहेत, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. नवा टीव्ही त्यांना ओढून १६:९ करतो आणि सीता-राम दोघंही चांगलेच बाळसेदार होतात. रिमोटवर चित्राच्या मापाचं बटण असतं, त्यात ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्या. ४३ इंची टीव्हीवर चित्र ३५ इंची उरतं, ३२ इंचीवर २६. १९८७ साली घरात असायचा त्या २० इंची डब्यापेक्षा मोठंच आहे.

माप बरोबर आहे का ते ओळखायला ‘महाभारता’तला कृष्ण उपयोगी पडतो. त्याच्या बोटावरचं सुदर्शनचक्र बघा. भाकरीसारखं गोल दिसलं तर ठीक. अंड्यासारखं दिसलं तर रिमोट शोधा. तो नेहमीप्रमाणे सोफ्याच्या फटीत असेल. नमस्कार.