पेठेच्या संघाने किती उंच पाहावं?

कोल्हापुरात फुटबॉलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंदा लीग कोण मारणार? आज तो थोडा वेळ बाजूला ठेवू. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही पेठांतल्या तालमी-मंडळांच्या संघांची नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत आणि शाहू स्टेडियम भरतं ते याच नावांवर. अशा एखाद्या पेठेच्या संघाने पुढच्या पंधरा वर्षांत कुठवर जायचं ठरवावं आणि त्यासाठी आजचा रुपया कुठे घालावा, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी पुण्या-मुंबईकडे पाहा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकला. २०१०मध्ये तो संघच बंद झाला. पुणे एफसी २००७ला सुरू झाला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दुसरा आला आणि २०१५नंतर मैदानावर नव्हता. भारत एफसीला एकच हंगाम मिळाला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, पाच हंगाम. या संघांकडे पैसा, प्रशिक्षक, खेळाडू, सगळं कुठल्याही तालमीपेक्षा जास्त होतं. पण थैली एकच होती. तिचं तोंड बंद झालं त्या दिवशी संघ संपला. पेठेच्या संघाचा दाता हात आखडता घेतो तेव्हा संघ अडचणीत येतो, बुडत नाही. कारण त्याच्या मागे गल्ली असते. हे बळ मोठं आहे आणि ते जपूनच वापरायला हवं.

गोव्याचा धेंपो पाहण्यासारखा आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता असलेला हा क्लब २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. बाहेर पडला तरी अकादमी चालू ठेवली, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४मध्ये खालच्या विभागातून चढून पुन्हा आय-लीगमध्ये आला. एक पायरी उतरून पाया राखला. छोट्या क्लबलाही असं उतरता आलं पाहिजे.

स्पेनमधल्या एइबारची गोष्ट तर आपल्या मापाचीच. गाव साधारण सत्तावीस हजारांचं. २०१४ साली संघ पहिल्या विभागात जाण्याच्या उंबरठ्यावर होता, डोक्यावर कर्ज नव्हतं, पण नियमानुसार भागभांडवल कमी पडत होतं. सुमारे १७ लाख २४ हजार युरो उभे करायचे होते. त्यांनी ५० युरोंचा एक असे भाग विकले आणि एका माणसाला एक लाख युरोंपेक्षा जास्तीचे मिळणार नाहीत, अशी मर्यादा घातली. ही मर्यादाच मला सर्वांत शहाणपणाची वाटते. क्लब एका माणसाच्या खिशात गेला नाही. सात हंगाम ते वरच्या विभागात राहिले. २०२१मध्ये खाली आले, तरी क्लब उभाच आहे.

आता आपल्याकडची शिडी. राज्याची लीग, तिच्यावर देशाचे खालचे विभाग, मग देशाची दुसऱ्या क्रमांकाची लीग (बराच काळ आय-लीग या नावाची), मग सर्वांत वर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. ती चढता येते. पंजाब एफसी २०२३मध्ये आणि मोहमेडन स्पोर्टिंग २०२४मध्ये आय-लीग जिंकून वर गेले. पण पायरीचा खर्च मोजा. बावीस खेळाडू आणि चार जणांचा स्टाफ धरला तर बाहेरगावच्या तीन दिवसांच्या एका दौऱ्यात दिवसाला तीन जेवणं, म्हणजे २३४ ताटं. दोघांत एक खोली धरली तर तेरा खोल्या. वर प्रवास, फिजिओ, धोबी. वर चढलात म्हणून पहिल्या वर्षी उत्पन्न वाढत नाही, खर्च मात्र त्याच महिन्यापासून वाढतो. म्हणून दोन हंगामांचा बाहेरगावचा खर्च मुदत ठेवीत असल्याशिवाय वरच्या पायरीचा अर्ज भरू नये.

पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो वरिष्ठ संघावर. लीग जवळ आली की बाहेरचा, परदेशी खेळाडू आणायची चढाओढ लागते. उचल दिली जाते, करार तोंडी असतो, खेळाडू दोन सामन्यांनंतर दुखापत सांगून बसतो आणि बक्षिसाची रक्कम हिशोबात आधीच धरलेली असते. बक्षीस जमेत धरू नका. मिळालं तर ठेवीत टाका. शंभर रुपयांतले चाळीस वरिष्ठ संघाला, पस्तीस मुलांच्या सरावाला, दहा साहित्य आणि मैदानाला, पंधरा राखीव, असं माझं माप आहे.

मुलांच्या एका तुकडीला काय लागतं? बावीस मुलं, आठवड्याला तीन सराव, चाळीस आठवडे, म्हणजे वर्षाला १२० सराव. दोन मुलांमागे एक चेंडू धरून अकरा. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा. संघ ओळखायला वरून घालायच्या दोन रंगांच्या बिब, खुणेचे चाळीस कोन. प्रशिक्षक दोन, त्यातला एक तरी डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा प्राथमिक परवाना, असलेला. सरावाला पाचशे रुपये मानधन धरलं तर दोघांचे वर्षाचे एक लाख वीस हजार. एका बाहेरच्या खेळाडूवर खर्च करताना हा आकडा शेजारी लिहून पाहा. पूर्ण मैदान लागतच नाही. अर्ध्या मैदानात दोन चौकोन आखून पाच-पाच जणांचे सामने लावले की प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. अकरा-अकरा खेळवलं तर लहान पोरं नुसती चेंडूमागे धावतात.

याच मुलांची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या केंद्रीय प्रणालीत क्लबच्या नावावर झालीच पाहिजे. खेळाडू परदेशी क्लबला विकला गेला तर फिफाच्या नियमानुसार रकमेचे पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात : बारा ते पंधरा वयाच्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, सोळा ते तेवीसच्या प्रत्येकी अर्धा. बारा ते अठरा तुमच्याकडे खेळलेल्या मुलाचे अडीच टक्के होतात. भारतीय खेळाडूंच्या बाबतीत असे व्यवहार विरळ, तेव्हा यावर अंदाजपत्रक उभं करू नका. पण नोंदच नसेल, तर हक्कही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. तशी पोरं पेठांत आजही आहेत.

कागदांचा विषय रूक्ष आहे, पण संघ अडतात तिथेच. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. तो राहिला की बँकेत सह्या अडतात आणि देणगीचा चेक पडून राहतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर आयकर खात्याकडची धर्मादाय आणि देणगी-सवलतीची नोंदणी ('बारा-ए' आणि 'ऐंशी-जी' म्हणतात ती), सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. हा निधी मुलांच्या प्रशिक्षणाला मिळू शकतो. जर्सीवर नाव छापून घेण्यासाठी दिलेला पैसा कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, ती जाहिरात झाली. म्हणून मुलांच्या हजेरीची वही, फोटो, खर्चाची बिलं आजपासून जपा. तीन वर्षांनी तोच पुरावा.

येत्या जूनला दहा वर्षांचा मुलगा आत घेतलात, तर तो वरिष्ठ संघात यायला आठ वर्षं जातील. बावीसमधले दोन-तीन टिकले तरी तुकडी यशस्वी समजा. तेवढ्यात कार्यकारिणी दोनदा-तीनदा बदललेली असेल आणि नव्या मंडळींना पहिल्याच हंगामात चषक हवा असेल. म्हणून हा पस्तीस टक्क्यांचा निर्णय सर्वसाधारण सभेच्या ठरावात लिहा, त्या पैशाचं बँकेत वेगळं खातं काढा, आणि त्या खात्यावर एक सही मुलांच्या पालकांच्या प्रतिनिधीची ठेवा.