आशा दाखवून घाबरवायचं

नमस्कार मंडळी. आज जरा लांबच्या बेटांबद्दल बोलायचंय, तशी फार लांब पण नाहीत हां, भारताच्या दक्षिण टोकापासून खाली समुद्रात साधारण 1,800 किलोमीटर गेलं की दिएगो गार्सिया लागतं. नाव बातम्यांत ऐकलं असेल, अमेरिकेचा मोठा तळ आहे तिथं, बॉम्बर विमानं उडतात. चागोस नावाचा साठेक छोट्या छोट्या बेटांचा समूह आहे, त्यातलं हे सगळ्यात मोठं, आणि हा समूह मॉरिशसचा. मॉरिशस म्हटलं की आपले कान टवकारतातच, कारण इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेली आपली कोकणातली माणसं तिथलीच झाली, आणि आज गणेश चतुर्थीला तिथं अख्ख्या देशाला सुट्टी असते.

तर 1965 साल. मॉरिशसला स्वातंत्र्य हवंय आणि लंडनमध्ये बोलणी चाललीयेत. एका बाजूला ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन, दुसऱ्या बाजूला मॉरिशसचे शिवसागर रामगुलाम. भेटीच्या आधी विल्सनना त्यांच्या ऑफिसनं एक टिपण दिलं, त्यात लिहिलेलं की रामगुलामना आशा दाखवून घाबरवायचं, म्हणजे स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस दिलं नाही तर कदाचित मिळणार नाही ही भीती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं, एवढं उघड कुणी कागदावर लिहितं का! पण लिहिलं. शेवटी 30 लाख पौंड देऊन चागोस तोडून घेतलं आणि मॉरिशस स्वतंत्र झालं 1968 मध्ये. वसाहतीचा तुकडा पाडायचा नाही हे संयुक्त राष्ट्रांनी 1960 मध्येच सांगून ठेवलेलं, ते राहिलं बाजूला.

आता अमेरिकेसाठी तळ बांधायचा म्हणजे बेट रिकामं पाहिजे. तिथं दीड-दोन हजार माणसं राहत होती, नारळाच्या बागा, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, पिढ्यान् पिढ्यांची थडगी तिथंच. ब्रिटननं जगाला सांगितलं काय, तर इथं कायमचे रहिवासी नाहीतच, फक्त कंत्राटी कामगार आहेत! हे खोटं त्यांना का बोलावं लागलं ते लक्षात घ्या. रहिवासी आहेत म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना जाब द्यावा लागतो. म्हणजे कायद्याला कोण विचारतो असं म्हणणाऱ्यांनी पण कायद्याच्या धाकानंच खोटी कागदपत्रं रंगवली ना. धाक नसता तर खरं सांगून हाकललं असतं.

हाकललं कसं तेही ऐका. कुणी औषधपाण्याला मॉरिशसला गेलेलं, त्याला परतीची बोट नाकारली. मग बेटावर येणारं सामान कमी करत नेलं. 1971 मध्ये माणसांचे कुत्रे, शेकडो कुत्रे, खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांचा धूर सोडून मारले, आणि 1973 पर्यंत उरलेल्या सगळ्यांना बोटीत घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवून दिलं. हे सगळं करणारा देश मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिण्यात पुढे होता, 1948 मध्ये.

आपल्याकडे म्हणतात बळी तो कान पिळी, आणि बराच काळ झालं पण तसंच. 2000 मध्ये लंडनच्याच हायकोर्टात चागोसवाले घरी परतायचा खटला जिंकले, तर 2004 मध्ये सरकारनं राणीच्या हुकूमानं तो दरवाजा परत लावून घेतला. पण मग जून 2017 मध्ये मॉरिशसनं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाठवायचा ठराव आणला आणि 94 विरुद्ध 15 मतांनी जिंकला, युरोपातल्या बऱ्याच मित्रांनी तर मतदानच टाळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेगच्या त्या न्यायालयातल्या जागेसाठी ब्रिटनचे उमेदवार आणि आपले दलवीर भंडारी, जे आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, यांच्यात चुरस झाली आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. 1946 पासून पहिल्यांदाच तिथं ब्रिटिश न्यायाधीश नाही! चागोसमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांची मतं लागतात त्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही दादागिरी करत असाल तर मतं मागताना तोंड कसं दाखवणार.

फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयानं 13 विरुद्ध 1 असं मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं, ब्रिटननं लवकरात लवकर तिथला कारभार संपवावा. मे महिन्यात आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूनं, भारत पण त्यात, आणि विरोधात फक्त 6. ब्रिटन म्हणालं हा नुसता सल्ला आहे, बंधनकारक नाही. बरोबर, तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण 2016 मध्ये दक्षिण चिनी समुद्राबद्दल चीनच्या विरोधात निकाल लागला होता तेव्हा निकाल पाळा म्हणून चीनला सांगणाऱ्यांत हेच लंडन, हेच वॉशिंग्टन. उद्या चीननं उलट विचारलं की चागोसचं काय झालं, तर काय सांगणार? रशियानं 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केला तेव्हा कायद्याच्या नावानंच जगाला हाक मारली ना यांनी, आणि आफ्रिका-आशियातले कितीतरी देश गप्प बसले, त्याला कारणं अनेक, पण आमच्या वेळी कुठं होता हे एक नक्कीच.

शेवटी मे 2025 मध्ये ब्रिटननं करारावर सही केली, त्यानुसार चागोस मॉरिशसचं, आणि दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षं भाड्यानं, वर्षाला सरासरी 10 कोटी पौंडांच्या आसपास. 30 लाखांत घेतलेल्याचं हे भाडं, हिशोब तुम्हीच करा.

आणि चागोसची माणसं? करारात इतर बेटांवर परत वस्ती करायची सोय आहे, दिएगो गार्सियावर नाही. तळावर स्वयंपाक, साफसफाई करायला फिलिपाईन्सवरून आणलेले कामगार राहतात, त्याच बेटावर जन्मलेल्या आजीबाईंना मात्र घरी राहायला जाता येत नाही. नमस्कार.