पापणी आधी झुकते

(पहाट. अंबाजोगाई. दवाखान्याच्या दारात एक जीप थांबते.)

जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीवर अशी पहाट उजाडते.

डॉक्टर पोटाला हात लावण्याआधी विचारतात, "मामा, रात्री खाली झोपला होता का बाजेवर?" मग डोळ्यांकडे बघतात. पापण्या झुकल्यात. "वर बघा. उशीवरून मान उचला. आता एका दमात आकडे मोजा." मामा बारावर अडकतात.

मण्यार. झोपेत चावलेला साप.

सोनोग्राफीत हे दिसत नाही. हे कळतं ते पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीतून. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं, तेव्हा स्नायू हलतो. मण्यारीचं विष ते टोकच निकामी करतं. आधी पापणी झुकते, मग मान, मग गिळणं, शेवटी श्वास. माणूस मात्र बहुतेकदा शुद्धीवर असतो.

घोणस आणि फुरसं यांची तऱ्हा वेगळी, त्यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला काचेची स्वच्छ, कोरडी नळी पुरते. शिरेतलं 2 मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर प्रतिविष लगेच सुरू. पण नळी साबणानं धुतलेली असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निदान फसतं. प्लास्टिकची नळी तर चालतच नाही. नळी कशी धुतली हे डॉक्टरनं स्वतः विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

(वर्ग. फळ्यावर मज्जातंतूचं चित्र.)

संभाजीनगरच्या घाटी वैद्यकीय महाविद्यालयात 1956 पासून, आणि पुढं इथं अंबाजोगाईतही, शेतकऱ्यांची पोरं हेच चित्र वहीत काढत आली. यातल्या कितीजणांच्या घरी रात्री अंथरूण जमिनीवरच पडतं.

(पुन्हा वॉर्ड.)

मामांना प्रतिविष दिलंय. पण बिघडलेली टोकं सावरायला काही दिवस लागतात. तोवर श्वास यंत्राचा, आणि यंत्र मिळेपर्यंत ॲम्ब्यू बॅग (श्वास द्यायची हवेची पिशवी) दाबणाऱ्या हाताचा. मामांचे डोळे मिटलेले आहेत. बॅग दाबणारी इंटर्न त्यांच्या कानाशी वाकते.

"मामा, ऐकू येतंय ना? मी इथंच आहे."