आगोटीत जनरेटरही

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना सरत आला की आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, घाई सुरू होते. लाकडं कोरडी रचायची, कांदे टांगायचे, सुकी मासळी डब्यात भरायची, घर शाकारून घ्यायचं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली. लोक छोटा जनरेटर घेऊ लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. ते समुद्रातूनच वर निघून गेलं, पण लाइट घेऊन गेलंच.

मी वायरमन. निसर्गनंतर आमच्या दापोलीकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडेच्या आठवडे लागले. त्या दिवसांत जनरेटर टेम्पोत टाकून आम्ही वाडी-वाडी फिरायचो. एका विहिरीवर अर्धा तास, टाकी भरली की पुढची विहीर. तेवढ्या अर्ध्या तासात बाजूच्या बोर्डावर वाडीतले सगळे मोबाइल लटकलेले असायचे, आणि कुणाची वायर कुणाच्या मोबाइलला यावरून भांडणही व्हायचं. तेव्हा या यंत्राचे उपकार मी विसरणार नाही. आज बोलायचंय ते मात्र ते कुठे ठेवायचं आणि कुठे जोडायचं, एवढ्यावरच. सगळा घोटाळा इथेच होतो.

त्याच जूनमध्ये एका घरी रात्री मशीन बघायला गेलो. बाहेर धो-धो पाऊस. जनरेटर भिजू नये म्हणून त्यांनी तो पडवीत ठेवला होता, वर वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधलेली. आत माजघरात आजी आडवी पडलेली. डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणत होती. घरच्यांना वाटलं, पित्त. कोकमाचं सरबत करून दिलं होतं. सुनेचंही कपाळ ठणकत होतं. मी आधी मशीन बंद केलं, मग सगळ्यांना उठवून शेजारच्या घरी नेलं आणि आजीला रिक्षातून डॉक्टरकडे. सगळे वाचले. पण ती माणसं तशीच झोपली असती तर?

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलचा वास येतो तो वेगळा, आणि तो आला नाही म्हणून हवा चांगली, असं धरून चालू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही.

म्हणून सांगतो, पडवी म्हणजे बाहेर नव्हे. आपण तिथे बसतो, वारा लागतो, म्हणून ती बाहेर वाटते. ओटी, गोठा, जिन्याखालची जागा, शहरातली बाल्कनी, सगळं आतच. जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब हवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. घरात दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर पित्ताचा विचार नंतर, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

आता जोडणी. काही घरांत एक वायर असते, दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर उजळलं! ही वायर मला कुठे दिसली तर मी कापून टाकतो, मग मालक रागावला तरी चालेल. एक तर तिचं एक टोक सुटलं की उघड्या पिना जिवंत असतात. आणि मेन स्विच पाडायचा राहिला, तर वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे घरगुती करतो तसा उलटा चालवला की घरगुतीचे ११,००० करतो.

लोक म्हणतात, एवढंसं मशीन, वाडीचा भार आला की आपोआप बंद पडेल. एरवी पडेलही. पण वादळानंतर तार तुमच्या दारापुढेच तुटलेली असते. पलीकडचा भार उरतच नाही. मशीन सुखात चालतं आणि तुटलेलं टोक खळ्यात जिवंत पडून राहतं. ते उचलायला कोण येतं? लाइनमन. छपरावर ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं, सोलर असलेल्यांची तक्रार असते की लाइट गेली की सोलरही बंद. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून. जनरेटरला ती अक्कल नाही, ती आपण पुरवायची. परवानाधारक माणसाकडून डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात, त्यामुळे एका वेळी एक तर लाइन किंवा जनरेटर. ते जमत नसेल तर चांगल्या जाड वायरीचा बोर्ड काढून फ्रिज, पंखा थेट त्यावर लावा. अर्थिंग विसरू नका.

किती मोठा घ्यायचा? नुसते दिवे, पंखे आणि मोबाइल असतील तर घेऊच नका, इन्व्हर्टर पुरतो. पंप चालवायचा असेल तर विचार करा. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. छोट्या जनरेटरवर ती नुसती घुमते आणि जळते. आधी मोटर सुरू करायची, ती लागली की मग बाकीचं.

पेट्रोल चालू मशीनमध्ये ओतायचं नाही, तापलेल्यातही नाही. बंद करा, गार होऊ द्या, तोवर चहा घ्या. आणि वर्षभर पोत्याखाली ठेवलेलं मशीन वादळाच्या दिवशी सुरू होणार नाही. जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार देऊन चालवा, ऑइल बघा.

गेल्या आठवड्यात त्या पडवीवाल्या घरी गेलो होतो. खळ्याच्या पार टोकाला चार खांबांवर नवा पत्रा, चेंजओव्हर बसवलेला, सगळं बरोबर. फक्त शेड उभी केलेली बरोबर माडाखाली. मी वर बघितलं, तर माझ्या आधी आजीच म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय यांना, नारळ पडतील म्हणून." दुसऱ्या दिवशी खांब उपटून चार पावलं अलीकडे रोवले. घरापासून वीस फूट राहतात की नाही, ते आजीने स्वतः काठीने मोजून घेतलं.