पोर गप्प झालं म्हणजे गुण आला का?

श्रोतेहो, नमस्कार.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चळवळेपणाच्या त्रासाचं निदान झालं आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की आजी आधी विचारते, "लेकरू गुंगीत तर राहणार नाही ना?" आई हळू आवाजात विचारते, "याची सवय लागली तर?" आणि वडील म्हणतात, "मीही असाच होतो. मला कुठं गोळ्या लागल्या?"

वडिलांचं खरं असू शकतं, कारण हा त्रास बऱ्याचदा घराण्यातूनच येतो. पण म्हणून त्यांना त्याची झळ लागली नाही, असं नाही. वर्गाबाहेर उभं राहणं, अर्ध्यात सुटलेली शाळा, हे कुणी कधी याच्याशी जोडून पाहिलेलं नसतं, एवढंच.

आजींचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या आजारात बहुतेक वेळा दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट झोपेचं औषध नाहीच, उलट ते उत्तेजक आहे. चळवळ्या पोराला उत्तेजक कशाला? लक्ष टिकवणं, मनात आलं की लगेच न करणं, हे काम मेंदूचा पुढचा भाग करतो. तिथं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांचा परिणाम या गोळीनं वाढतो. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी मुलांना दुसरं एक उत्तेजक दिलं, तेव्हा त्यांचा अभ्यास सुधारलेला दिसला. मुलं त्याला गणिताची गोळी म्हणायची!

म्हणून गोळी घेऊन मूल कोपऱ्यात बसून राहिलं, हसेना, खेळेना, तर "गुण आला" म्हणू नका. मात्रा जास्त झाली असेल, डॉक्टरांना सांगा. घर शांत झालं की आपल्याला बरं वाटतं, हे मान्य. पण बघायचं ते वेगळं. गणित अर्ध्यात टाकून उठला नाही, गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबला, याला गुण म्हणायचं. पोर दंगा करणारच, करू द्या.

आता सवयीचं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ही औषधं घेतलेल्या मुलांत पुढं व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. गैरवापर होऊ शकतो, म्हणूनच मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक मेडिकलवाला ठेवून घेतो. त्याला घाबरू नका. मात्र घरी गोळ्या कुलपात ठेवा आणि मोठ्या भावाला परीक्षेपुरती म्हणून एकही देऊ नका.

खरी कटकट भुकेची. दुपारचा डबा तसाच परत येतो आणि आईचा जीव तुटतो. बहुतेक मुलांना सकाळी गोळीच्या आधी पोटभर खाऊ घालता येतं, भाकरी, शेंगाचटणी, दही, जे आवडेल ते. संध्याकाळी औषध उतरलं की भूक परत येते, तेव्हा "जेवणाची वेळ झाली नाही" म्हणून अडवू नका. दर काही महिन्यांनी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब तपासून घ्या. काही मुलांची वाढ किंचित मंदावते, म्हणून हे मोजायचं. उशिरा घेतलेल्या गोळीनं झोप लांबते. घरात कुणाला लहान वयात हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झाला असेल, तर ते आधीच सांगा.

याच त्रासावरचं दुसरं औषध, अ‍ॅटोमॉक्सेटिन, उत्तेजक नाही. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि आपली माणसं आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करतात. सुट्टीत गोळी बंद ठेवायची की नाही, तेही डॉक्टरांनाच विचारा.

नुसत्या गोळीवर भागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत तर आधी आईवडिलांना शिकवणं, मग औषधाचा विचार. मोठ्या मुलांनाही पुढच्या बाकावर जागा आणि तुकड्यातुकड्यानं दिलेला अभ्यास लागतो. आणि हो, हे आईच्या लाडानं होत नाही, गोड खाल्ल्यानंही नाही.

फोनवर बोलायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना मुलाच्या वह्या आणि वर्गशिक्षकांची चिठ्ठी बरोबर न्या. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे काय घडतं ते कळल्याशिवाय निदान होत नाही.

नमस्कार.