अपडेट नेमकं कुठे अडलं?

(घरच्या कॉम्प्युटरच्या देखभालीवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवात माझ्या मामांच्या कॉम्प्युटरपासून करतो, कारण आज जे सांगणार आहे ते मला त्याच मशीनने शिकवलं.

दोन महिने त्या मशीनवर विंडोजचं एकच अपडेट अडून बसलं होतं. डाउनलोड व्हायचं, इन्स्टॉल व्हायला लागायचं, साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जायचं आणि तिथे कोसळायचं. मामा फोन करायचे. मी म्हणायचो, रीस्टार्ट करा आणि पुन्हा 'रीट्राय' दाबा. एका रविवारी स्वतः जाऊन बसलो. टेम्पररी फाइल्स उडवल्या, अँटिव्हायरस काढून पाहिला, अपडेटची सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, बंद करून चालू केली. काही उपयोग झाला नाही. शेवटी अपडेट काही आठवडे पॉझ करून ठेवलं आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी मशीन सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली होती, आणि तिच्याबरोबर मामींच्या हयातीतले पुष्कळसे फोटो. काही परत मिळाले. सगळे नाही मिळाले.

मामांनी पहिल्याच आठवड्यात मला स्क्रीनचा फोटो पाठवला होता. तो मी डिस्क गेल्यानंतर नीट पाहिला. तळाशी बारीक अक्षरांत कोड होता: ८००७०४५डी. त्याचा अर्थ असा, की डिस्ककडून वाचताना किंवा तिच्यावर लिहिताना डिस्कच साथ देत नाहीये. दोन महिने ते अक्षरशः समोर लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघांपैकी कुणीही वाचलं नाही.

आता प्रश्न असा की हे अपडेटलाच का कळलं? मामा तर रोज मेल वाचत होते, पत्रं टाइप करत होते, सगळं नीट चालत होतं. कारण रोजच्या कामात आपण डिस्कच्या त्याच त्या कोपऱ्यांना हात लावतो. अपडेट मात्र एका बैठकीत हजारो फाइल्स उलगडतं, जुन्या वाचतं, नव्या लिहितं आणि प्रत्येक फाइल जशी हवी तशीच आहे का हे तपासतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोल्यासुद्धा ते उघडून बघतं. त्यामुळे घरात कुठे ओल आली असेल तर ती आधी त्याला दिसते. अपडेट अडलं म्हणजे अपडेटच खराब, असं आपण धरून चालतो आणि इलाज त्याच्यावर करत बसतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसं होतं ते. दोष पुष्कळदा मशीनमध्ये आधीपासून असतो, अपडेट फक्त त्याला अडखळतं.

म्हणून अपडेट अडलं की पहिलं काम म्हणजे कोड कागदावर उतरवून घेणं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्टरी उघडा. फेल झालेल्या नोंदीपाशी कोड मिळतो. आणि दुसरं, कुठलाही प्रयोग करण्याआधी आपल्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. हे मी मामांच्या मशीनवर केलं नव्हतं. तासाभराचं काम होतं.

कोड वाचायचा कसा, यावर थोडा वेळ घेतो, कारण हे कुणी शिकवत नाही आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. सुरुवातीचा शून्य आणि एक्स सोडून द्या. ती नुसती खूण आहे, की पुढचा आकडा सोळाच्या पायावर मोजलेला आहे. त्या मोजणीत नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं दहा ते पंधरा म्हणून येतात. उरलेल्या आठ जागांपैकी पहिल्या चार म्हणजे तक्रार कोणत्या खात्याकडून आली ते, आणि शेवटच्या चार म्हणजे तक्रार काय आहे ते. ८००७ असेल तर तक्रार विंडोजच्या नेहमीच्या चुकांच्या यादीतली. ८०२४ असेल तर ती खुद्द अपडेट यंत्रणेची. ८००एफने सुरू होणारे कोड बहुधा सिस्टिमच्या फाइल्सची बसवाबसव करणाऱ्या भागाकडून येतात.

आता एक उदाहरण करून पाहू. ८००७००७०. शेवटचे आकडे ७०. सोळाच्या पायावर ७० म्हणजे सात गुणिले सोळा, ११२. विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची चूक म्हणजे डिस्कवर जागा नाही. संपला विषय, जागा मोकळी करा. शेवटी २० असेल तर दोन गुणिले सोळा, ३२. म्हणजे हवी ती फाइल दुसऱ्याच प्रोग्रामने धरून ठेवली आहे. इथे बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहणं शहाणपणाचं आहे. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली. आणि मामांच्या मशीनवरचं ०४५डी: चार गुणिले २५६, अधिक पाच गुणिले सोळा, अधिक तेरा, म्हणजे १११७. इनपुट-आउटपुट उपकरणाची चूक. हा आकडा दिसला तर अपडेटचा नाद तिथेच सोडा, फाइल्सची प्रत काढा आणि डिस्क तपासा.

कोड नेहमी खरंच बोलतो असं मात्र नाही. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी एक सुरक्षा अपडेट आलं आणि असंख्य घरगुती मशीनवर ते ८००७०६४३ हा कोड देऊन अडलं. या कोडचा अर्थ नुसता 'इन्स्टॉल करताना गंभीर चूक' एवढाच. खरी अडचण जागेची होती, पण सी ड्राइव्हवरच्या जागेची नव्हे. दुरुस्तीच्या साधनांसाठी डिस्कवर एक लपलेला छोटा भाग असतो, त्यात २५० एमबी मोकळे हवे होते आणि ते नव्हते. सी ड्राइव्हवर शेकडो जीबी रिकामे असलेली माणसं हैराण झाली. मायक्रोसॉफ्टने नंतर स्वतःच सांगितलं, की जागा कमी असल्याचा संदेश यायला हवा तिथे हा चुकीचा कोड दिसू शकतो. म्हणून कोड मिळाला की तो आणि त्या अपडेटचा केबी क्रमांक, म्हणजे अपडेटच्या नावातच 'केबी'ने सुरू होणारा आकडा, दोन्ही मिळून इंटरनेटवर शोधा. नुसत्या कोडवर विसंबू नका.

आता अपडेट कोणत्या टप्प्यावर अडतं ते बघू. डाउनलोडच होत नसेल तर कारणं बहुतेक साधी असतात. इंटरनेट 'मीटर्ड', म्हणजे मोजूनमापून वापरायचं, म्हणून नोंदवलेलं असतं, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणारा प्रोग्राम) चालू असतं, किंवा अर्धवट उतरलेली फाइल बिघडलेली असते. शेवटच्या कारणासाठी अपडेटची आणि बिट्स नावाची (फाइल्स उतरवून घेणारी), अशा दोन सर्व्हिस थांबवायच्या, विंडोजच्या फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन या फोल्डरात जाऊन 'डाउनलोड' फोल्डरमधलं सगळं काढायचं आणि सर्व्हिस पुन्हा चालू करायच्या. लागेल ते विंडोज परत उतरवून घेतं. विंडोजचा ट्रबलशूटर यातलं बरंचसं स्वतःच करतो, म्हणून आधी तो चालवा.

एक कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे घड्याळ. जुन्या मशीनमधली मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली, की कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख मागे जाते. अपडेटच्या सर्व्हरची ओळख पटवणारी जी प्रमाणपत्रं असतात, त्यांना 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरला वाटतंय २०१२ साल चालू आहे, तर समोरचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. मग तो सर्व्हरशी बोलायलाच नकार देतो. अपडेट होत नाही आणि बँकेच्या साइटसुद्धा उघडत नाहीत, असं दोन्ही एकदम दिसलं तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

डाउनलोड होतं पण इन्स्टॉल होत नाही, जागाही आहे, डिस्कही ठीक आहे, असं असेल तर विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बिघडलेल्या असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी दोन साधनं विंडोजमध्येच आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा. आधी डीआयएसएम चालवा, त्याला 'ऑनलाइन', 'क्लीनअप-इमेज' आणि 'रिस्टोअरहेल्थ' असे तीन पर्याय, प्रत्येकाआधी मोकळी जागा आणि तिरकी रेघ देऊन, जोडायचे (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth). ते झाल्यावर एसएफसी, मोकळी जागा, तिरकी रेघ, स्कॅननाऊ (sfc /scannow). क्रम महत्त्वाचा आहे. एसएफसी बिघडलेली फाइल बदलताना विंडोजच्या साठ्यातली चांगली प्रत वापरतं, आणि डीआयएसएम तो साठाच दुरुस्त करतं. साठा बिघडलेला असताना एसएफसी आधी चालवलं तर त्याला चांगली प्रत मिळणार कुठून? डीआयएसएम मध्येच एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबतं. थांबू द्या, खिडकी बंद करू नका.

तिसरा टप्पा रीस्टार्टचा, आणि माणसं सगळ्यात जास्त इथे घाबरतात. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर टक्के थांबलेले, किंवा 'केलेले बदल मागे घेत आहोत' असा संदेश. बटण दाबून धरायची इच्छा होते. नका दाबू. त्या क्षणी सिस्टिमच्या फाइल्स अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या असतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला तास लागू शकतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच असू द्या. पुढच्या प्रयत्नाआधी प्रिंटर, बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह असं जोडलेलं सगळं काढून ठेवा. कीबोर्ड आणि माऊस पुरेत.

आणि मशीन सुरूच झालं नाही तर? सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसला की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. शेवटचं मासिक अपडेट तिथून काढता येतं. मोठी आवृत्ती बदललेली असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात, त्यानंतर जुनी आवृत्ती सांभाळून ठेवलेलं फोल्डर विंडोज पुसून टाकतं. पण या पडद्यावर पोहोचल्यावर मशीन तुमच्याकडे ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. पुष्कळ नव्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद केलेली, असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज घरी गेल्यावर ती शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. मशीन बंद पडल्यावर शोधायला लागलात आणि खात्याचा पासवर्डही त्याच मशीनमध्ये अडकलेला असला, तर सगळा मजकूर डोळ्यांसमोर असून हाताला लागत नाही.

कधी कधी दोष खरोखरच अपडेटचा असतो, हेही सांगितलं पाहिजे. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही लोकांच्या स्वतःच्या फाइल्स पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तिचं वाटप थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिली. त्यामुळे मोठ्या आवृत्तीची पहिल्या दिवशी घाई करू नये, या मताचा मी आहे. मासिक अपडेटशीसुद्धा फार झुंजत बसू नका. ती एकत्रित असतात, म्हणजे पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये या महिन्याच्या दुरुस्त्या असतातच. डिस्क, जागा, घड्याळ आणि सिस्टिम फाइल्स तपासून झाल्या, सगळं ठीक आहे, आणि तरीही हेच एक अपडेट बसत नाही, तर पुढच्याची वाट बघा. मुख्य मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं.

पण वाट बघणं वेगळं आणि अपडेट कायमचं बंद करणं वेगळं. सर्व्हिसच बंद करून टाकण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. मधे जवळजवळ दोन महिने गेले होते. ज्यांनी ते अपडेट घेतलं होतं, त्यांच्यासाठी ते भोक उरलंच नव्हतं.

ब्राउझरमध्ये अचानक 'तुमचं अपडेट फेल झालं, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो फसवणुकीचा सापळा आहे. खरं अपडेट कधी फोन नंबर देत नाही, आणि विंडोज कीबरोबर आर दाबून अमुक मजकूर पेस्ट करा असंही कधी सांगत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं. उबुंटूसारख्या सिस्टिमवर अपडेट अडण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे जुन्या कर्नलनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) भरलेला बूट विभाग, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा छोटा भाग, तो ऑटोरिमूव्ह या कमांडने मोकळा होतो. आणि 'लॉक' धरल्याचा संदेश आला तर लॉकची फाइल पुसायला धावू नका, मागे दुसरं अपडेट चालू असतं, ते संपू द्या.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "माझ्याकडे विंडोज १० आहे. हल्ली अपडेट येणंच बंद झालंय. बिघाड शोधून सापडत नाही."

ताई, बिघाड नाहीये. विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत आहे, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ती सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच होते. विंडोज ११ वर जायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० हे सुरक्षेचं साधन हवं. पुष्कळ मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप चालवा. मशीन चालेल की नाही आणि नसेल तर नेमकं कशामुळे, हे ते सांगतं. त्यात जे दिसेल ते जसंच्या तसं लिहून आणा, पुढच्या वेळी आपण दोघं मिळून बघू.